वांगावरची ट्यूब : पहिल्या रात्रीपासून शेवटच्या तारखेपर्यंत

महिन्यातून चार-पाच वेळा तरी आमच्या काउंटरवर हे घडतं. एखादी बाई पर्समधून ट्यूब काढते. टूथपेस्टसारखी खालून गुंडाळत आणलेली, पार चपटी झालेली, नावाची अक्षरं घासून गेलेली. "ताई, हीच द्या." मी विचारते, किती दिवस लावताय? "झालं की वर्ष. लावलं की छान राहतं, सोडलं की दुप्पट होतं. म्हणून सोडतच नाही."

सोडलं की दुप्पट होतं, हे तिचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. फक्त त्यातून तिने काढलेला अर्थ उलटा असतो.

मी डी. फार्म. आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर आमचं मेडिकल आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्याही दोन्ही गालांवर वांग उठला. दुकान घरचं, ट्यूब हाताच्या अंतरावर; चिठ्ठी कोण कुणाला मागणार? पाच महिने लावली. पहिले दोन महिने ज्याने-त्याने विचारावं, काय लावतेस गं. पाचव्या महिन्यात नुसत्या फोडणीच्या वाफेनेही गाल पेटल्यासारखे व्हायला लागले, हनुवटीवर बारीक पुरळ आलं. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "निदान तुम्ही तरी." तेव्हा पुढचं सगळं काउंटरच्या दोन्ही बाजूंनी शिकलेलं आहे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या जागी वापरायचं नाही.

आधी तो वांगच आहे ना?

वांग म्हणजे मेलास्मा. तपकिरी, कडा वेड्यावाकड्या, पण बहुतेक दोन्ही बाजूंना सारखा: गालांची हाडं, कपाळ, नाक, वरचा ओठ. खाज नाही, आग नाही, खरखरीतपणा नाही. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन आणि घराण्याची देणगी ही त्याची मुख्य कारणं. पुरुषांनाही होतो. आमच्याकडे येणारे बरेचसे शेतकरी किंवा दिवसभर मोटरसायकलवर फिरणारे असतात.

पण चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. मान आणि कपाळाच्या कडा मखमलीसारख्या जाड आणि काळ्या झाल्या असतील तर आधी साखर आणि वजन तपासावं लागतं. तिथे ही ट्यूब कामाची नाही. केसांच्या डायची किंवा कुंकवाची ॲलर्जी होऊनही कपाळ करडं-काळं पडतं. मग दोष डायचा आणि मार खातो चेहरा. आंघोळीला घासणी घेऊन तोंड घासणाऱ्यांच्या हाडांवर जाळीदार काळेपणा येतो, तोही चुकून वांगात मोजला जातो. निळसर-राखाडी डाग, एकाच बाजूचा डाग, उंचवटा असलेला किंवा झपाट्याने रंग-आकार बदलणारा तीळ, यांपैकी काहीही असेल तर ट्यूबचा विचारही नको. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा बघायच्या भिंगाने, पाहतात आणि रंग किती खोल आहे याचा अंदाज घेतात. वरच्या थरातला वांग औषधाला लवकर दाद देतो, खोलवरचा हट्टी असतो. हे आधीच कळलं तर दोन महिन्यांनी आरशासमोर रडायची वेळ येत नाही.

ट्यूबमध्ये आहे तरी काय

चिठ्ठीवर बहुतेक वेळा येतं ते तीन औषधांचं मिश्रण. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या दोघांनी १९७५ मध्ये पाच टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्के डेक्सामेथासोन असं मलम मांडलं. आजच्या ट्यूबमध्ये हेच त्रिकूट असतं, फक्त सौम्य मात्रेत आणि वेगळ्या स्टिरॉइडसह. आपल्याकडे साधारणपणे हायड्रोक्विनोन दोन टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, आणि तिसरं नाव फ्लुओसिनोलोन किंवा मोमेटासोन.

हायड्रोक्विनोन त्वचेत रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला आवरतं. म्हणजे नवा रंग बनणं मंदावतं. जुना रंग तिथल्या तिथे पुसला जात नाही, तो वरच्या थरांबरोबर झडावा लागतो. ते झडणं वेगाने व्हावं म्हणून ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वाचं भावंड. त्यामुळे त्वचा सोलते, चुरचुरते. ती चुरचुर दाबायला तिसरं, स्टिरॉइड.

सगळी मेख या तिसऱ्यात आहे. स्टिरॉइड आग शमवतं, त्वचा गुळगुळीत करतं, रंगही थोडा फिका करतं, आणि हे सगळं पटकन. पहिल्या पंधरा दिवसांत आरसा जे कौतुक करतो त्यात स्टिरॉइडचा वाटा मोठा. पण चेहऱ्याची त्वचा पातळ. महिनोन्महिने लावत राहिलं की ती आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, बारीक लव वाढते. आणि ट्यूब थांबवली की दबलेली सगळी आग एकदम वर येते. म्हणून "सोडलं की दुप्पट". भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच देऊन टाकलं आहे. आपल्या देशातल्या एका सवयीवरून रोगाला नाव पडावं, यात भूषण काही नाही; त्यात आम्हा दुकानदारांचाही हात आहे.

तेव्हा ट्यूब हातात आली की ब्रँडचं नाव सोडा आणि बारीक अक्षरांतली घटकांची ओळ वाचा. एखाद्या घटकाच्या नावाच्या शेवटी 'सोन', 'सोलोन', 'नोलोन', 'टासॉल' असं काही असेल तर ते स्टिरॉइड समजा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन दिसलं तर ती ट्यूब वांगासाठी चेहऱ्यावर लावायचीच नाही, मग ती शेजारणीने दिलेली असो की पार्लरवालीने. डाव्या कोपऱ्यात आरएक्सची खूण आणि शेड्यूल एचची, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधाची, सूचना असते. २०१८ पासून चेहऱ्यावर फासल्या जाणाऱ्या बहुतेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठी लागते. चिठ्ठी मागणारा केमिस्ट तुमचा अपमान करत नसतो.

आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत ती तर घरातही आणू नका. झटपट गोरं करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरममध्ये अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण डॉक्टरांना सापडले होते. चेहऱ्याला लावलेलं किडनीपर्यंत पोचतं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातही येत नाही.

कुणी लावू नये

गरोदर असाल, दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील किंवा पाळी चुकली असेल, तर नाही. ट्रेटिनॉइन त्या काळात टाळतात आणि हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्यापैकी शोषलं जातं. अंगावर पाजत असाल तरीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. बाळंतपणातला वांग कित्येकींचा पुढे काही महिन्यांत आपोआप फिकट होतो, त्यामुळे घाई करण्यात तसाही अर्थ नाही.

चेहऱ्यावर नायटा असेल तर स्टिरॉइड त्याला खतपाणीच घालतं. नागीण, एक्झिमा, भरपूर मुरुमं, आधीच लालबुंद राहणारी त्वचा असेल तर आधी त्याचा इलाज. दमा असणाऱ्यांनी तो आवर्जून सांगावा, कारण या मलमांमध्ये टिकवण्यासाठी बहुधा सल्फाइट घातलेलं असतं आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. मुलांसाठी तर ही ट्यूब नाहीच. बारावीच्या पोरींच्या आया "कॉलेजला जायचंय ना" म्हणून मागायला येतात. मी देत नाही.

ट्यूब उघडायच्या आधी : पेन घ्या

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: रोज की दिवसाआड, किती आठवडे, आणि त्यानंतर काय. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच राहून जातो.

या मिश्रणाचा अमेरिकेत मान्य झालेला कोर्स आठ आठवड्यांचा आहे. आपल्याकडे डॉक्टर त्वचा बघून कमी-जास्त करतात, पण कोर्सला शेवट असतोच. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम: मार्करने ट्यूबवरच दोन तारखा लिहा. सुरुवातीची आणि थांबायची. मी आता दुकानातूनच लिहून देते. खोक्यावर लिहिलं तर खोकं त्याच संध्याकाळी कचऱ्यात जातं, म्हणून ट्यूबवर. आणि त्याच दिवशी खिडकीजवळ, फिल्टर बंद करून, चेहऱ्याचे तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळेला. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही. मग "काहीच होत नाहीये" म्हणून हात सैल सुटतो आणि थर जाड होतो.

मग चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे मुगाएवढं लावा आणि एक दिवस थांबा. थोडी लाली चालेल. फोड, सूज किंवा जोराची खाज आली तर ट्यूब बंद करून डॉक्टरांना फोन.

रात्रीचं काम

ही ट्यूब रात्रीचीच. ट्रेटिनॉइन आणि ऊन यांचं जमत नाही.

साध्या, फेस कमी करणाऱ्या फेसवॉशने तोंड धुवा. स्क्रब नको, बेसन-हळद नको, लिंबू तर मुळीच नको. टॉवेलने टिपा, पुसू नका. आणि मग थांबा, वीस मिनिटं ते अर्धा तास. ओल्या त्वचेत ट्रेटिनॉइन जास्त खोल शिरतं आणि जास्त जाळतं. निम्म्या तक्रारी इथेच होतात, कारण बायकांना रात्री दहाला ओटा आवरल्यावर तोंड धुऊन कधी एकदा पाठ टेकते असं झालेलं असतं. त्यावर माझा उपाय साधा आहे: जेवणाआधीच तोंड धुऊन घ्या. ओटा आवरेपर्यंत चेहरा कोरडा ठणठणीत झालेला असतो.

मात्रा म्हणाल तर दोन्ही गालांच्या डागांना मिळून वाटाण्याएवढी पुरते, बहुतेकींना त्याहून कमी. ती बोटाच्या पेरावर घ्या, डागावर तीन-चार ठिकाणी ठिपके द्या आणि पातळ पसरवा. डागाच्या कडेबाहेर अर्धा इंच गेलं तर चालतं, तसंच जायला हवं. पण फेस क्रीम समजून पूर्ण तोंडाला चोपडायची नाही. डोळ्यांखालची नाजूक जागा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. तिथे मलम साठतं आणि तिथली त्वचा आधी सोलते. हवं तर त्या जागी आधी व्हॅसलीनचं बोट फिरवा. लावून झाल्यावर हात धुवा. त्याच बोटाने डोळा चोळला की रात्रभर आठवण राहते.

लगेच उशीवर गाल टेकू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या. त्वचा कोरडी असेल तर वरून साधं मॉइश्चरायझर चालतं. नाजूक त्वचेवाल्यांना डॉक्टर पहिले दोन आठवडे एक रात्र आड सांगतात; तसं सांगितलं असेल तर "रोज लावलं तर लवकर जाईल" हा हिशेब करू नका.

मुरुमांसाठी बेंझॉइल परॉक्साइड चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. ते आणि हायड्रोक्विनोन एका जागी आले तर त्वचेवर तात्पुरते काळे डाग पडतात. ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडचे सीरम या काळात कपाटात. ब्लीच आणि फेशियल बंद. ओठांवर ट्यूब लागत असेल तर तिथलं वॅक्सिंगही बंद. ट्रेटिनॉइनने हळवी झालेली त्वचा वॅक्सच्या पट्टीबरोबर निघून येते. लग्नसराईत हे ऐकणारी बाई मला अजून भेटायची आहे, पण मी सांगत राहते.

ट्यूबचं झाकण घट्ट लावा. मलम पिवळसर पांढऱ्याचं तपकिरी झालं की हायड्रोक्विनोन हवेने खराब झालं असं समजा आणि फेकून द्या. खिडकीत, टीव्हीवर, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो; तेव्हा खोक्यावर लिहिलेलं तापमान वाचून फ्रिजच्या दारात जागा करा, फक्त गोठवू नका.

खरं औषध सकाळी

वांगाच्या बाबतीत सनस्क्रीन औषधाच्या जोडीला नसतं. औषध सनस्क्रीनच्या जोडीला असतं. रात्री हायड्रोक्विनोन रंगाचा कारखाना बंद करणार आणि सकाळी स्कूटरवरची वीस मिनिटं तो पुन्हा चालू करणार, असं चाललं तर ट्यूबचे पैसे वाया गेले.

एसपीएफ ३० किंवा त्यावरचं, पीए समोर जास्तीत जास्त अधिक चिन्हं असलेलं. मात्रा: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून टोकापर्यंत भरतील अशा दोन रेघा, चेहरा आणि मानेसाठी. बहुतेक जण याच्या पावभर लावतात आणि मग सनस्क्रीन नावालाच राहतं. घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. घाम पुसला की परत.

वांगाला अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा उजेडही चाळवतो, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. दुकानात "टिंटेड" म्हणून मागा. थोडं महाग असतं, पण डाग झाकतंही, त्यामुळे पावडरचा खर्च वाचतो.

खिडकीच्या काचेतून अतिनीलचा मोठा हिस्सा आत येतो, म्हणून एसटीत उन्हाच्या बाजूची जागा टाळा. शेतात जाणाऱ्यांना दर दोन तासांनी सनस्क्रीन सांगणं म्हणजे थट्टा आहे, ते मला कळतं. तिथे रुंद काठाची टोपी आणि गडद, घट्ट विणीचा रुमाल हेच खरं. विरळ विणीच्या पांढऱ्या ओढणीतून बोटं दिसत असतील तर ऊनही शिरतंय. आणि आच: चूल, भट्टी, भाकरीचा तवा. नुसत्या उष्णतेनेही वांग गडद होतो. भाकऱ्या थापणं कुणाला चुकलंय, पण तव्यावर वाकून चेहरा शेकणं चुकवता येतं.

पहिले पंधरा दिवस

हलकी लाली, कोरडेपणा, तांदळाच्या कोंड्यासारखी साल निघणं हे अपेक्षित. ते दोन-तीन आठवड्यांत शांत होतं. जास्त झालं तर एक-दोन रात्री सोडा, मॉइश्चरायझर लावा, मग दिवसाआडावर या. साल नखाने ओढू नका. आपल्या सावळ्या त्वचेला कुठलीही जखम झाली की मागे काळा डाग राहतो, आणि वांग घालवता घालवता दुसरंच बिऱ्हाड येऊन बसतं.

फोड, सूज, सतत आग, पापण्या सुजणं, श्वासाला त्रास झाला तर त्याच क्षणी बंद आणि डॉक्टर. पुरळ, लाल शिरा, वाढलेली लव हे स्टिरॉइडचे इशारे. आणि एक इशारा सहसा कुणाला ठाऊक नसतो: डाग फिका होण्याऐवजी निळसर-काळा, ठिपक्याठिपक्यांचा होऊ लागला, तर ते ऑक्रोनोसिस असू शकतं. हायड्रोक्विनोन फार काळ वापरल्याने होतं, १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि एकदा झालं की जाता जात नाही. लोक "डाग वाढला" समजून ट्यूब आणखी चोपडतात आणि खड्डा खोल करतात.

दोन महिन्यांत फोटोंमध्ये काहीच फरक नसेल तर कोर्स वाढवायचा नाही. निदान चुकलं असेल, रंग खोल असेल, किंवा उन्हाचा बंदोबस्त ढिला असेल. डॉक्टरांकडे जाताना ते फोटो आणि ट्यूब दोन्ही न्या.

थांबायचं कसं

तारीख आली की थांबायचं, किंवा डॉक्टर सांगतील तशी रात्री कमी करत. पुढे बहुतेक वेळा स्टिरॉइड नसलेलं काही देतात: ॲझेलेइक ॲसिड, कोजिक ॲसिड, नियासिनामाइड. काम सावकाश, पण लांब पल्ल्याला बरं. काहींना ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या देतात. त्या पाळीच्या रक्तस्रावासाठीही मिळतात म्हणून मैत्रिणीच्या पाकिटातून घेऊ नका. रक्ताच्या गाठीचा त्रास झालेल्यांना त्या चालत नाहीत.

तुम्ही आधीच सहा महिने, वर्ष अशी ट्यूब लावत असाल तर हे वाचून आज रात्रीच फेकून देऊ नका. एकदम सोडल्यावर चेहरा पेटतो आणि घाबरून माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट लावतो. त्वचारोगतज्ज्ञांना खरा कालावधी सांगा, लाजू नका; ते टप्प्याटप्प्याने सोडवतात. मला साडेतीन महिने लागले. त्यातले पहिले तीन आठवडे मी काउंटरवर मास्क लावून बसत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सर्दी झालीय म्हणून सांगत होते.

वांग परत येतो, हे धरूनच चाला. उन्हाळ्यात, पुढच्या गरोदरपणात, गोळ्या बदलल्यावर. परत आला म्हणजे औषध फसलं असं नाही, पण जुनी ट्यूब कपाटातून काढून सुरू करायची असंही नाही. नवा कोर्स, नवी चिठ्ठी, ट्यूबवर नव्या तारखा.

आणि उरलेली अर्धी ट्यूब जावेला देऊ नका. तिचे डाग तुमच्यासारखे दिसत असतील, पण तिला दिवस गेलेत का, दमा आहे का, तो वांगच आहे का, हे तुम्हाला ठाऊक नसतं. कात्रीने मधोमध कापा, जुन्या पेपरात मलम पुसून काढा, गुंडाळा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी टाका. नुसती झाकण लावून टाकली तर कुणीतरी उचलतंच. आमच्या दुकानामागच्या उकिरड्यातून मी स्वतः एका पोरीच्या हातात ती बघितली आहे.